खणातले कपडे वाचताना सगळ्या रडल्या, पण कुणासाठी?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबट आहे, सांभाळून घ्या.

कऱ्हाडात आम्ही बायका दर गुरुवारी दुपारी वाचनाला बसतो. बारा-चौदा जणी असतो. कुणी निवृत्त शिक्षिका, एक शिवणकाम करणारी, दोघी-तिघी शेतावरून थेट येणाऱ्या. मी इंग्रजी पुस्तक हातात धरते आणि तिथल्या तिथे मराठीत सांगत जाते. सध्या हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' चालू आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्धची ही कादंबरी १८५१ च्या जूनपासून एका साप्ताहिकात क्रमशः येत होती आणि मार्च १८५२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पहिल्या वर्षात एकट्या अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या.

मागच्या गुरुवारी नववं प्रकरण वाचलं. ओहायो राज्यातले सिनेटर बर्ड दमून घरी आलेत. पळून आलेल्या गुलामांना कुणी अन्नपाणी देऊ नये, अशा कायद्याच्या बाजूने ते मत देऊन आलेत. बायको त्यावरून त्यांच्याशी भांडते. एवढ्यात स्वयंपाकघरात एक बाई येऊन कोसळते. ती एलायझा. नदीवरच्या बर्फाच्या तुकड्यांवरून उड्या मारत, पोटच्या पोराला उचलून पळत आलेली. पोराला विकायचं ठरलं होतं. ती बर्डबाईंना एकच विचारते, बाईसाहेब, तुमचं कधी मूल गेलंय का? बर्ड पाठ फिरवून खिडकीशी जातात. बाई रडायला लागतात. त्यांचं लेकरू जाऊन महिनाच झालेला असतो.

मग रात्री बर्ड स्वतःच गाडी जुंपायला निघतात, आणि जाता जाता अडखळत बायकोला म्हणतात, तो खण आहे ना, आपल्या हेन्रीच्या कपड्यांचा. बाई किल्ली लावते आणि मध्येच थांबते. मागे दोन्ही मुलगे गप्प उभे. खणात छोटे कोट, मोज्यांच्या जोड्या, कागदाच्या घडीतून डोकावणारे बोटांशी झिजलेले बूट, एक घोडागाडी, भोवरा, चेंडू. इथे स्टोबाई गोष्ट थांबवून थेट वाचणाऱ्या आईलाच विचारतात, तुझ्या घरात असा खण नाही का, जो उघडणं म्हणजे छोटीशी कबर पुन्हा उघडणं?

आता माझं काय झालं ते सांगते. मी पहिल्यांदा 'छोटे कोट' म्हटलं तेव्हा कुणी हललं नाही. मग माझ्या तोंडून 'झबली, टोपडी, कुंची' असं निघून गेलं आणि खोलीतल्या झाडून सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझाही आवाज फुटेना.

आमच्यातल्या एक मावशी, सत्तरीच्या, रडून झाल्यावर म्हणाल्या, "मी माझ्या बारक्यासाठी रडले गं. ट्रंकेत त्याची कुंची आहे अजून. पण त्या एलायझासाठी कोण रडलं?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. चार दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्यांनी लोकांना असं रडवायचं हे ठरवून केलं होतं ना? मग ते बरोबर होतं का? आणि 'झबलं' म्हणून मी काही चुकीचं केलं का? जाणकारांनी कृपया लिहा.

जुनीवही

कृष्णाकाठचीताई, पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण असा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नाही. मावशींना माझा नमस्कार सांगा.

ठरवून केलं होतं का? हो, अगदी ठरवून. पण त्यात खोटेपणा नव्हता. स्टो यांचा दीड वर्षाचा मुलगा १८४९ मध्ये सिनसिनाटीच्या कॉलऱ्यात गेला. पुढच्याच वर्षी फरारी गुलामांचा कायदा झाला. उत्तरेकडच्या राज्यांत पोचलेल्या माणसालासुद्धा धरून मालकाकडे परत पाठवायचं आणि त्याला आसरा देणाऱ्याला दंड आणि कैद. म्हणजे कालपर्यंत जो प्रश्न दक्षिणेतल्या मळ्यांवरचा होता तो प्रत्येकाच्या परसदारात येऊन उभा राहिला. स्टोंनी तो नेमका स्वयंपाकघराच्या दारातून आत आणला. स्वतःचा भरलेला खण उघडून त्या लिहीत होत्या.

त्याच प्रकरणात एक बारीक जागा आहे. पुढच्या वेळी नीट वाचा. बर्डसाहेबांच्या मनात 'फरारी गुलाम' म्हणजे काय होतं? नुसती अक्षरं. फार तर वर्तमानपत्रातलं ते ठरलेलं छोटं चित्र, खांद्यावर काठी आणि काठीला गाठोडं बांधलेला माणूस. छापखान्यात त्या चित्राचा ठोकळा तयार असायचा. गुलाम पळाला की जाहिरातीवर तोच ठोकळा लागायचा. ठोकळ्यातला माणूस हाडामांसाचा होऊन, पायांतून रक्त वाहत स्वयंपाकघरात येतो, तेव्हा बर्ड बदलतात. रडणं हे त्या बदलाचं साधन आहे.

आणि त्या जाहिरातींचं दुसरं टोकही सांगतो, कारण गुलामगिरीविरोधी सगळं लेखन काही गहिवराचं नव्हतं. १८३९ मध्ये थिओडोर वेल्ड यांनी 'अमेरिकन स्लेव्हरी ॲज इट इज' हे पुस्तक काढलं. त्यांची पत्नी अँजेलिना ग्रिम्के आणि मेहुणी सारा, या दोघी दक्षिणेतल्या गुलाम बाळगणाऱ्या घरातच वाढलेल्या. दोघींनी दक्षिणेतली हजारो वर्तमानपत्रं चाळून जाहिराती कापून काढल्या. पळालेल्या माणसाची ओळख पटावी म्हणून मालक स्वतःच छापून मोकळा व्हायचा की पाठीवर फटक्यांचे वळ आहेत, कान कापलेला आहे, गालावर डागणी आहे. त्यात एकही हळवा शब्द नाही आणि मालकाला नाकारायला जागाही नाही. स्टोंनी हे पुस्तक वापरलं. पुढे विरोधकांनी कादंबरीला खोटारडी म्हटलं तेव्हा १८५३ मध्ये त्यांनी पुराव्यांचं आणखी एक जाडजूड पुस्तक छापलं. म्हणजे एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात कात्रणं. मला दोन्ही हात लागतात असं वाटतं.

'झबलं' म्हणालात त्यात चूक काहीच नाही. स्टोंनी जे केलं तेच तुम्ही केलंत, लांबचं जवळ आणलंत.

थेटविचार

सर, तुमचा आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. मावशी बरोबर आहेत आणि त्यांचा प्रश्न आपण रुमालात गुंडाळून टाकतोय.

लांबचं जवळ आणताना लांबच्या माणसाचं काय होतं ते बघा. एलायझा इतक्या उजळ रंगाची दाखवली आहे की गोऱ्या वाचकाला तिच्या जागी स्वतःला ठेवायला त्रास पडू नये. तिचा नवरा जॉर्जही तसाच. ज्याचा रंग गडद तो टॉम, आणि त्याने सोसायचं, क्षमा करायची, मरायचं. जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्ये या कादंबरीवर जो निबंध लिहिला त्यात त्यांचा रोख हाच होता. भावनेचं असं उतू जाणारं प्रदर्शन त्यांना अप्रामाणिकपणाची खूण वाटत होती. ते स्वतः कृष्णवर्णीय लेखक. त्यांना हे उगाच वाटलं नसणार.

इंग्लंडात तर याची सुरुवात आधीच झाली होती. १७८७ मध्ये वेजवुड यांच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात एक पदक तयार झालं. साखळदंडात गुडघ्यावर बसलेला, हात जोडलेला माणूस आणि भोवती शब्द, मी माणूस नाही का, भाऊ नाही का? बायकांनी ते बांगड्यांत बसवलं, केसांच्या पिनांत बसवलं. हेतू चांगलाच होता. पण त्या चित्रात तो माणूस कायम गुडघ्यावरच आहे. त्याला उठून उभं राहू दिलेलं नाही. उभा राहिला असता तर दया आली असती का?

शेवटी १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला तेव्हा ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली. ती मालकांना दिली, गुलामांना एक पेनीसुद्धा नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांना जुन्याच मालकांकडे फुकट राबायला लावलं. माझा राग या गोष्टीवर आहे. ज्याच्यासाठी तुम्ही इतके रडलात त्याच्या हातात काय ठेवलंत?

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. मी दोन वर्षं एका संस्थेत देणगीदारांसाठी मजकूर लिहायचो. नाव सांगत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांवर मी पानभर लिहिलं, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती, एका कोयत्याला, म्हणजे एका जोडप्याला, काय मिळतं, शाळा किती महिने बुडते, सगळं. ते परत आलं. शेरा होता की एकच मुलगी घ्या, तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं पाहिजे. मी तसं लिहून दिलं. पैसे आले. त्या मुलीला मी पुन्हा कधी भेटलो नाही, ही गोष्ट मला अजून टोचते.

कृष्णाकाठची

थेटविचार, तुमचं शेवटचं वाचून गलबलून आलं. लिहिलंत हे फार बरं केलंत.

पण एक सांगू? बर्डबाईंच्या खणापाशी मी पुन्हा गेले. सर म्हणाले म्हणून परत वाचलं. रडून झाल्यावर त्या घाईघाईने कपडे निवडायला लागतात. सगळ्यात साधे, सगळ्यात टिकाऊ निवडतात. मुलगा हळूच विचारतो, आई, हे देऊन टाकणार? त्या हो म्हणतात. कपड्यांचं बोचकं होतं, ते गाडीत जातं, दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावर चढतं. मावशींची कुंची अजून ट्रंकेत आहे, माझ्याही घरात तसं एक बोचकं आहे, उगाच सांगत नाही. ते बाहेर काढणं काय असतं हे मला माहीत आहे. तेवढं त्या बाईने केलं, आणि तेही कायदा मोडून. मला ते लहान वाटत नाही.

तरी मावशींचा प्रश्न उरतोच. एलायझासाठी कोण रडलं? तिची स्वतःची दोन लेकरं आधी गेलेली असतात, तिकडेच पुरून आलेली असते ती. कादंबरीत ती एका वाक्यात हे सांगते आणि गोष्ट पुढे सरकते. तिचा खण कुठे आहे?

माजघर

मी सहसा नुसती वाचते, पण ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचल्यावर राहवलं नाही. तिचा खण नाही. तिच्यासारख्या एका खऱ्या बाईचा माळा मात्र आहे.

हॅरिएट जेकब्ज. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टन गावची. मालक तिच्या मागे लागलेला. तिने १८३५ मध्ये पळून गेल्याचं भासवलं आणि प्रत्यक्षात आजीच्याच घरी, कोठीच्या छपराखालच्या माळ्यावर लपली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सगळ्यात उंच जागी तीन फूट. तिथून छप्पर उतरत उतरत फळ्यांना टेकलेलं. उंदीर-घुशी. उन्हाळ्यात छपरातून टर्पेंटाइन ठिबकायचं, थंडीत पाय गारठून निकामी व्हायची वेळ आली. जवळजवळ सात वर्षं ती तिथे होती.

मी गेले वर्षभर तिच्या पुस्तकाची काही प्रकरणं मराठीत करते आहे, छापायला नाही, माझ्यासाठी. १८६१ मध्ये 'लिंडा ब्रेंट' या टोपणनावाने ते निघालं. एक शब्द मला आयता मिळाला. माळ्यात चाचपडताना तिच्या डोक्याला काहीतरी लागतं. ते असतं गिरमिट, तिच्या मामाने तिथे अडकवून ठेवलेलं. आमच्या घरी सुताराच्या पेटीत असायचं तेच. त्या गिरमिटाने ती फळीला भोकं पाडते, तीन ओळी, मग मधली जागा कोरून इंचभर लांब, इंचभर रुंद फट करते. त्या फटीतून तिला रस्ता दिसतो. सगळ्यात आधी दिसतो तो तिचा छळ करणारा मालकच. पुढे कधीतरी मुलांची तोंडं दिसतात. तिची दोन्ही मुलं खाली खेळतायत, आई डोक्यावर आहे हे त्यांना ठाऊक नाही. नाताळला ती अंधारात बसून त्यांच्यासाठी नवे कपडे शिवते, खेळणी करते. बर्डबाईंचा खण गेलेल्या लेकराच्या कपड्यांचा. हा माळा जिवंत लेकरांच्या कपड्यांचा, आणि घालताना बघायला तीच बोटभर फट.

थेटविचार, तुम्ही विचारता ना, गुडघ्यावरचा माणूस उठला तर? जेकब्ज उठली होती. कादंबरी गाजल्यावर तिने आपली हकीकत लिहिण्यासाठी ओळखीतून स्टोंकडे मदत मागितली. स्टोंनी तिची खाजगी गोष्ट खरी आहे का, हे ती ज्यांच्या घरी नोकरीला होती त्या बाईंकडे पत्र पाठवून विचारलं आणि ती आपल्या पुराव्याच्या पुस्तकात घालू म्हणाल्या. जेकब्जला ते लागलं. ती नको म्हणाली. दुसऱ्यांची मुलं सांभाळून, रात्री उरलेल्या वेळात, वर्षानुवर्षं बसून तिने स्वतःच लिहिलं. तरी पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जाणते लोक म्हणत राहिले की हे कुणा गोऱ्या लेखिकेने रचलेलं असणार. जीन फेगन येलिन या संशोधिकेने पत्रं आणि कागदपत्रं शोधून १९८७ च्या आवृत्तीत ते तिचंच असल्याचं दाखवून दिलं.

आता रडण्याबद्दल. जेकब्जसुद्धा 'अगं सुखी बायांनो' अशी हाक मारते, तो घाट तिने त्या काळच्या लेखनातूनच उचलला आहे. पण मी अडकले ती जागा तिसऱ्या प्रकरणातली. गुलामांसाठी नववर्षाचा दिवस म्हणजे भाड्याने देण्याचा, विकण्याचा दिवस. एका आईची सातच्या सात मुलं त्या दिवशी विकली जातात. ती रस्त्यात भेटते, हात पिळत ओरडते, गेली, सगळी गेली, देव मला मारत का नाही? आणि जेकब्ज लिहिते की तिचं सांत्वन करायला माझ्याकडे शब्द नव्हते. बस. पुढचं वाक्य असं की हे रोज घडतं, तासातासाला घडतं. त्या जागी वाचकाला रडायला तिने उसंतच ठेवलेली नाही. मी मराठीत तिथे 'हाय रे दैवा' असं काहीतरी घालून बसले होते. दोन महिन्यांनी खोडलं.

फ्रेडरिक डग्लसच्या १८४५ च्या आत्मचरित्रातही असंच आहे. त्याची आई बारा मैलांवरच्या मळ्यात. दिवसभर राबून रात्री चालत यायची, त्याच्याशेजारी पडायची, त्याला झोप लागायची, सकाळी उठेपर्यंत गेलेली. उभ्या जन्मात चार-पाच वेळा दिसली. तो सात वर्षांचा असताना ती वारली, आणि तो लिहितो की परक्या माणसाच्या मरणाची बातमी ऐकावी तशी मी ती ऐकली. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं नाही. मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आईसाठी रडण्याइतकी ओळखसुद्धा त्या पोराला मिळू दिली नव्हती. हे फक्त तोच लिहू शकत होता.

म्हणून मावशींना सांगा, एलायझासाठी रडायला जे होते त्यांनी लिहिलं आहे. फक्त ते कमी रडतात.

जुनीवही

माजघर, मी मागे घेतो. दोन हात म्हणालो होतो, ते दोन्ही हात दुसऱ्यांचेच होते हे माझ्या लक्षात आलं नाही.

आपल्याकडचा एक धागा इथे खरोखर जोडलेला आहे म्हणून सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' काढलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. त्याच्याही अठरा वर्षं आधी, १८५५ मध्ये, त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. बाळंतपणात बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात तिचं काय होत असेल याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असं ती वाचणाऱ्याला बजावते. स्टोंचाच प्रश्न, तुझ्या घरात असा खण नाही का, त्याच दशकात पुण्यात विचारला जातोय. पण इथे विचारणारी मुलगी त्या छपराविना घरांतलीच. मी हा निबंध वर्गात दरवर्षी शिकवला आणि तो दयेची याचना म्हणून शिकवला. चूक झाली.

कृष्णाकाठची

काल गुरुवार होता. माजघरताईंनी सांगितलेलं तिसरं प्रकरण आणि माळ्याचं प्रकरण वाचलं. कुठेही झबलं म्हटलं नाही, जसं आहे तसं सांगितलं.

नऊ फूट बाय सात फूट म्हणजे किती, असं कुणीतरी विचारलं. शिवणकाम करणारीने पर्समधून टेप काढली आणि खडूने वाचनालयाच्या फरशीवर चौकोन आखला. तीन फूट उंची कशी दाखवायची म्हणून दोघींनी दोन बाजूंनी ओढणी ताणून धरली, कमरेच्या जरा वर. आम्ही नको नको म्हणत असताना मावशी गुडघे धरत त्याखाली जाऊन बसल्या. मान वाकवावीच लागली. ओढणी आम्ही एका बाजूने फरशीपर्यंत उतरवली, छप्पर तसं होतं म्हणून. मावशी तिथेच बसल्या होत्या, आम्ही सगळ्या भोवती उभ्या. कुणी रडत नव्हतं.

बऱ्याच वेळाने खालूनच म्हणाल्या, "पोरं खाली खेळत होती म्हणालीस ना?"

मी हो म्हटलं.

"आवाज यायचा तिला?"

"यायचा."

"मग हाक कशी दाबली असेल गं तिने," म्हणाल्या, आणि ओढणी धरणाऱ्यांना म्हणाल्या की तुम्ही हात खाली घेऊ नका, आणि मला म्हणाल्या, तू पुढचं वाच.